रानकांद्याचं चित्र

सोमवार, २९ जुलै

मर्ना,

फाडायचंच असेल तर वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तरी माझा आवाज ऐकून ठेवतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

भांडायला लिहीत नाही. एक प्रश्न आहे, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवंय. ते दुसऱ्या कुणाला देता आलं असतं तर मी तुझ्या दारात आले नसते.

आज सकाळचीच गोष्ट. शाळेत मी मदतीला असते त्या वर्गावर नवी मास्तरीण आलीय, टेगन नावाची. मेलबर्नकडची पोर, थंडीत नाक लाल करून फिरते. वाईट नाही. आमच्या पोरांचे उघडे पाय बघून तिने आपल्या आईकडून खोकंभर मोजे मागवले. पोरांनी ते कुत्र्यांना घातले, तरी ती हसलीच. तर सत्राच्या शेवटी आईबापांना बोलवायचं आणि पोरांची चित्रं दाखवायची, असं तिच्या मनात आलं. विषय काय, तर आपल्याच गावची चित्रकार. मला तिने विचारलं नाही, कारण तिला मला चकित करायचं होतं.

मी नाश्त्याचं दूध तापवून वर्गात आले तर सगळा वर्ग चिडीचूप. आमचा वर्ग, चिडीचूप! मला वाटलं साप शिरला. बघते तर समोरच्या भिंतीवर तुझी आई, माझी आत्या. ती लाल लोकरीची टोपी घातलेली, हसणारी. आणि खाली तिचं नाव, हाताएवढ्या अक्षरांत.

पोरांनी माना खाली घातलेल्या. लव्हीनाने, माझ्या भावाच्या नातीने, स्वेटर डोक्यावर ओढून घेतलेला. टेगन विचारतेय, "काय झालं? आवडली नाही का ही आजी तुम्हाला?" माझ्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं, तेच मी आत्याच्या चेहऱ्यावर टाकलं. तिला तसं झाकावं लागलं याचं वाईट वाटलं, पण हाताशी दुसरं काही नव्हतं.

मग टेगन रडली. "कोरल, मला कुणी सांगितलंच नाही." खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? 'अमकी बाई वारलीय, तिचा चेहरा दाखवू नकोस, नाव इथे घेऊ नकोस' असं सांगायला आधी ते नाव घ्यायला लागतं. म्हणून गावातला प्रत्येक जण गप्प बसला, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने सांगितलं असेल.

डोळे पुसून ती म्हणाली, "फोटो नको, नाव नको. पण तिच्यासारखी चित्रं काढली तर? तू तिची भाची आहेस. तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

मी तिला समजावलं. आत्याची चित्रं म्हणजे रानकांद्याची गोष्ट. ती तिला तिच्या बापाकडून आली, मला माझ्या बापाकडून. म्हणून आम्ही धनी. चित्र आम्ही काढायचं. पण धन्याचा हात कुठे चुकतोय हे बघायला घरातल्या लेकीचं लेकरू लागतं. ते राखणदार. राखणदार शेजारी बसल्याशिवाय रंगाचं झाकण उघडायचं नाही. आणि मोठ्यांपैकी आत्याची लेक तेवढी उरलीय, ती अ‍ॅडलेडला असते.

"म्हणजे मालकीण ती?"

"नाही, मालकीण मी."

"मग तू हो म्हण ना!"

"मालकीण आहे म्हणूनच मला एकटीला हो म्हणता येत नाही."

तिने कपाळाला हात लावला. म्हटलं, लाव बाई, आमचाही तिथेच असतो.

तर सांग. हो की नाही?

कोरल

शुक्रवार, ९ ऑगस्ट

मर्ना,

टपालाचं विमान दोनदा येऊन गेलं. तुझं काही आलं नाही. मला फार आशा होती असं समजू नकोस.

इकडे थंडी हाडं पोखरतेय. सकाळी शाळेच्या आवारात पत्र्याच्या पिंपात जाळ करते, पोरं भोवती उभी राहतात, मग पावरोटी भाजून देते, मग नाकं पुसते, मग वर्ग. दुपारपर्यंत माझे गुडघे घरी निघून जातात आणि मी मागे शाळेत राहते. डोळ्यांचंही तेच. साखर आता डोळ्यांत उतरलीय असं दवाखान्यातली बाई म्हणाली. बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. रेघा अजून दिसतात.

तुझं उत्तर येईना म्हणून टेगनने शहरातून चित्रकलेचं खोकं मागवलं. त्यात कागदी बशा, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि एका सापाचा छापील आराखडा. सापात ठिपके भरायचे, की झालं आपल्या आदिवासी लोकांसारखं चित्र. देशभरच्या शाळांत हेच करतात म्हणे.

पोरांनी कागद हातात घेतले आणि बसून राहिली. लव्हीनाने विचारलं, "मिस, हा साप कुणाचा?"

टेगन म्हणाली, "कुणाचा म्हणजे? सगळ्यांचा."

"सगळ्यांचा कसा असेल? कुठल्या पाण्यातला आहे?"

"खोक्यातला," टेगन म्हणाली बिचारी.

मग जी पळापळ झाली! अनोळखी साप, कुठल्या पाण्यातला ठाऊक नाही, धनी ठाऊक नाही, आणि त्याला काडीने टोचायचं? एकाही पोराने हात लावला नाही. दोघांनी घरी जाऊन सांगितलं, संध्याकाळी त्यांच्या आया शाळेच्या फाटकाशी. मी फाटकात उभी राहून प्रत्येकीला सांगितलं की साप परत खोक्यात घातलाय. टेगन आत टेबलावर डोकं टेकून बसली होती. "मी काहीही केलं तरी चुकतंच," म्हणाली. मी तिला चहा दिला. तिच्या वयात मला इतकं कुणी छळलं असतं तर मी पहिल्याच विमानाने गेले असते. तशीही तिची नेमणूक या सत्रापुरतीच आहे.

बेसी म्हातारी बाहेर झाडाखाली बसून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "माझी गोष्ट नाही, मी बोलणार नाही. पण कांद्याची गोष्ट असणाऱ्यांनी ती पोरांना दिली असती तर खोक्यातला साप कशाला आला असता?" न बोलता एवढं बोलली.

आठवतं का तुला, आत्या आपल्याला घेऊन कोरड्या नदीत बसायची? वाळू हाताने सारखी करायची आणि बोटाने काढत सांगायची. बाया कांदे खणायला निघाल्या, थोरली सगळ्यांवर डाफरायला लागली, "खणताय की माती खाजवताय?" आणि आपली काठी खांद्यावर टाकून रुसून टेकडीपलीकडे गेली. हे सांगताना आत्या नेहमी तुझ्याकडे बघायची. तू म्हणायचीस, "माझ्याकडे काय बघतेस? खरंच खाजवत असतील त्या!"

उत्तर दे.

कोरल

मंगळवार, २० ऑगस्ट

मर्ना,

आज सरळ लिहिते, कारण आडवळणाने लिहायचाही कंटाळा आलाय.

तुझा राग कशाचा ते मला माहीत आहे. तू त्या मोठ्या इस्पितळात काम करतेस, आपल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांचं बोलणं आपल्या भाषेत सांगतेस. मरणाच्या दारातून परत आलेली माणसं तू रोज बघतेस. तुला वाटलं, आईला आजारपणात तिकडे आणली असती तर तीही जगली असती. जगली असतीही. इस्पितळाचं विमान आलं होतं, धावपट्टीवर उभं होतं. तू तिकडे तिच्या पलंगाची सोय करून ठेवली होतीस. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्या पलंगावर मला भिंत दिसेल. इथे मला डोंगर दिसतो." मी विमान परत पाठवलं.

दुखवट्यात तू सगळ्यांदेखत म्हणालीस की तुझी आई मी मारली. लेकीला त्या वेळी वाटेल ते बोलायचा हक्क असतो, आणि ऐकून घेणं माझ्या वाट्याला होतं. आता रडून झालंय, घराला धुरी देऊन झालीय, तिचं बंद ठेवलेलं नाव उघडायचं तेवढं राहिलंय. म्हणून आता बोलते. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा विमान परत पाठवीन. याची माफी मी मागणार नाही, आणि तू मला माफ करावंस असंही म्हणत नाही. तू माझ्यावर जन्मभर चीड. पण चिडून कांद्याला का मारतेस?

कारण आता फक्त मीच काढणारी उरले. माझ्या भावाचा हात थरथरतो. त्याच्या लेकांना फुटबॉल दिसतो, दुसरं काही दिसत नाही. आणि माझे ठिपके आत्ताच मिसळायला लागलेत, वर्षभराने रेघाही मिसळतील. मला पोर नाही. वर्गातली निम्मी पोरं माझ्या भावाच्या लेकांची नाहीतर लेकींची, म्हणजे धनीही तिथेच आणि राखणदारही तिथेच, हाताला रंग लावून घ्यायला तयार. मी त्यांना शिकवू शकत नाही, कारण शेजारी बसून बघणारी अ‍ॅडलेडला तोंड फुगवून बसलीय. मी गेले की पोरांना हे चित्र चहाच्या कपांवर आणि पर्यटकांच्या रुमालांवर बघायला मिळेल. ते कुणाचं, काय सांगतं, हे विचारायलाही कुणी नसेल.

काल लव्हीना म्हणाली, "आपला कांदा कसा काढतात ते दाखव ना." मी म्हटलं, मला सुट्टी नाही. ती म्हणाली, "तू तर बसलेलीच आहेस." मी तिच्यावर उगीच ओरडले. नंतर तिला बिस्किट दिलं, तिने घेतलं नाही. पोर तुमच्याच वळणाची.

थकलेय गं मी मर्ना. झोपून उठले तरी तशीच असते.

कोरल

मंगळवार, ३ सप्टेंबर

मर्ना,

आता हे शेवटचं. पुढे तुला त्रास देणार नाही.

दुकानातून खाकी मोठा कागद आणला आणि वर्गात, पोरं घरी गेल्यावर, जमिनीवर बसून चित्र काढलं. पोरांना दाखवण्यापुरतं, साधंच. मधे पाणी, भोवती बसलेल्या बाया, त्यांच्या खणायच्या काठ्या, खाली कांदे आणि त्यांच्या मुळ्या. राखणदार नसताना काढलं, हे मला ठाऊक आहे. म्हणून अजून कुणालाही दाखवलेलं नाही, पोरांना तर नाहीच. फोटो काढायला टेगनला तेवढं दाखवलं, तो फोटो या पत्रात घालतेय.

हात बरा चालला. बायांचं रिंगण छान जमलंय, अगदी गोल, टोकाला टोक नीट जुळलंय. आत्याने बघितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

गुंडाळून ठेवत होते तेवढ्यात बेसी म्हातारी दारात. डोळ्यांना कमी दिसतं म्हणते, पण तिथूनच तिने कागदावर एक नजर टाकली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. जिभेने च्यक् केलं.

"काय?" मी म्हटलं.

"माझी गोष्ट नाही," म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. पुढे एक शब्द नाही. बेसी म्हातारी, आणि पुढे एक शब्द नाही! मला त्याचंच हसू आलं.

सत्र संपायच्या आधीच्या गुरुवारी आईबाप येणार आहेत. तोवर तुझ्याकडून काही आलं नाही तर हा कागद सकाळच्या पिंपात टाकीन. टेगनला तसं सांगितलंय. ती म्हणाली, मग आपण पोरांच्या हातांचे ठसे घेऊ, हात तरी ज्याचे त्याचे असतात. शिकतेय पोर.

तब्येत सांभाळ. अ‍ॅडलेडची थंडी ओली असते, छातीत बसते.

कोरल

शनिवार, २१ सप्टेंबर

मर्ना,

काय काय झालं ते तुला माहीत आहे, कारण ते तूच केलंस. तरी लिहिते. फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस.

मी जाळापाशी पावरोटी भाजत होते. टेगन धावत आली, पांढरीफटक. "कोरल, ऑफिसात कुणा बाईचा फोन आलाय, ती नुसती ओरडतेय. चित्र खाली काढा, खाली काढा म्हणतेय. आपण तर ते वर लावलेलंच नाही!"

मी पावरोटी लव्हीनाच्या हातात दिली आणि चालत गेले. धावले नाही. गुडघे आहेत, आणि तुला थोडं थांबायला लावायचंही होतं.

"डोळे फुटले का गं तुझे?" हे तुझं पहिलं वाक्य. दीड वर्षानंतरचं.

"फुटतायतच. साखर आहे."

"रिंगण बंद कुणी केलं?"

"मीच. का?"

"का म्हणजे? थोरली रुसून गेलीय ना? ती परत आली की बसणार कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"जागा ठेवायची असते होय?"

"कोरल! आई काढायची तेव्हा तू तिच्या मांडीला मांडी लावून बसायचीस! पाण्याच्या डाव्या अंगाला एका बाईची जागा मोकळी, तिथे फक्त तिच्या बसण्याची वाळू. आई प्रत्येक वेळी सांगायची, शिव्या कितीही द्या तिला, पण तिच्या जागेवर सरकून बसू नका."

"वय झालं गं माझं."

"माझ्यापेक्षा लहान आहेस तू!"

आणि ठेवलास. टेगन माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी म्हटलं, थांब, तिकडे उकळतंय अजून. चहा ओतेपर्यंत पुन्हा वाजला. "पोरांना माझ्यासमोर आण. व्हिडिओवर दिसली पाहिजेत मला. आणि त्या मास्तरणीला सांग, फोन सरळ धर."

टेगनच्या फोनवर दिसलीस, इस्पितळाच्या कुठल्याशा जिन्यात, गळ्यात ओळखपत्र, बसलेली. केस पिकलेत तुझे. मला माहीत नव्हतं. पोरं तुला बघून आधी लाजली, मग तू एकेकाला 'तू कुणाची?' विचारायला लागलीस आणि त्यांना बरं वाटलं. भावाच्या लेकांची एका बाजूला, ती काढणार. लेकींची दुसऱ्या बाजूला, ती शेजारी बसून चुका दाखवणार. बाकीच्यांनी रंग कालवायचे आणि ब्रश धुवायचे, आणि गोष्ट ऐकायची. कांद्याएवढ्या पोरांना तू कामाला लावलंस. लव्हीनाच्या शेजारी शेरिस बसली, माझ्या भावाच्या लेकीची. दोघींनी पहिल्या रेघेपासून भांडायला सुरुवात केली. मला कुणाची तरी आठवण झाली.

टेगनने असा वर्ग कधी बघितला नव्हता. अर्धी पोरं काढतायत, अर्धी ओरडतायत, आणि फोनमधून तू त्या सगळ्यांवर. "मुळ्या केसांसारख्या बारीक! नूडल्स नाही काढायच्या!" ती माझ्या कानात विचारत राहिली, "कोरल, म्हणजे त्या हो म्हणाल्या का? परवानगी मिळाली का?"

"अगं, ती शिव्या देतेय. आणखी काय हवं तुला?"

त्यानंतर रोज दुपारच्या तुझ्या सुट्टीत आमचा फोन टेबलावर उभा. गुरुवारी सगळे आले. बाहेर कांगारूच्या शेपट्या निखाऱ्यात पुरल्या होत्या, आत भिंतभर कांदे. प्रत्येक कागदावर बायांचं रिंगण आणि त्यात डाव्या अंगाला वाळूची मोकळी जागा. कुणी विचारलं की पोरं फाडफाड सांगत होती, थोरली कशी डाफरली, कशी गेली, तिची जागा का ठेवलीय. टेगन मागे उभी होती, आनंदाने नुसती फुललेली. पुढच्या वर्षीही मी येऊ का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, ये, पण साप आणू नकोस.

बेसी म्हातारीने एकेका चित्रासमोर नाक लावलं. "माझी गोष्ट नाही," म्हणाली. "पण जागा ठेवली ते बरं केलं." मग माझ्याकडे वळली, "तुला आधीही माहीत होतं." मी तिला शेपटीचा मोठा तुकडा दिला, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

आईबद्दल तू काही बोलली नाहीस. मीही नाही. विमानाचं जे आहे ते आहे, ते आपल्या दोघींबरोबर म्हातारं होईल. पण बुधवारी फोन ठेवताना तू विचारलंस, "कोरल, रिंगण मुद्दाम बंद केलंस ना?" मी म्हटलं पोरं फार दंगा करतायत, काही ऐकू येत नाही. वर्गात तेव्हा कुणीच नव्हतं. हे तुलाही दिसलं असणार, टेगन फोन सरळ धरते आता.

तू म्हणालीस, फोनवर रंग नीट कळत नाहीत. खरं आहे. शेजारी बसूनच कळतात.

आता चित्रं उतरवली. लव्हीनाचं तेवढं भिंतीवर ठेवलंय. त्यात पाण्याच्या वरच्या बाजूला एक चूक आहे. चांगली ठळक. शेरिसच्या नजरेतून सुटली, फोनवर तुझ्याही नजरेतून सुटली. मला पहिल्याच दिवशी दिसली होती. पण मी पडले धनीण. चूक दाखवणं माझं काम नाही.

कोरल